विश्लेषण : कॅनडातील सरोवराचा ‘राक्षस’ एका डॉलरला का देऊन टाकला? ‘ओगोपोगो’ची दंतकथा नेमकी कोणाची?

ओकानागन सरोवरातील गूढ प्राण्याचे नाव तब्बल ६५ वर्षे एका नगरपालिकेच्या मालकीचे होते. ते तेथील मूलनिवासींकडे परत कसे गेले आणि या दंतकथेत राक्षस आला कुठून, याविषयी...

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हर्नन शहराच्या नगर परिषदेने मार्च २०२१ मध्ये एक राक्षस देऊन टाकला. किंमत ठरली एक डॉलर. राक्षसाचे नाव ‘ओगोपोगो’. ओकानागन सरोवराच्या तळाशी राहणारा, लांबलचक अंगाचा, पाठीवर कुबडांची रांग असलेला आणि कधीमधी डोके वर काढून पर्यटकांना दर्शन देणारा हा प्राणी कोणी पकडलेला नाही. तरीही त्याच्या नावाचा कॉपीराइट १९५६ पासून व्हर्नन नगरपालिकेच्या दप्तरात होता. तो आता ओकानागन नेशन अलायन्सकडे, म्हणजे सरोवराकाठी हजारो वर्षे राहत आलेल्या सिल्क्स लोकांच्या संघटनेकडे गेला आहे.

नसलेल्या प्राण्याच्या नावावरून एवढा खल कशाला, असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते. पण सिल्क्स लोकांच्या मते येथे राक्षस कधी नव्हताच. जे होते ते वेगळेच होते आणि त्याचे नावही वेगळे होते.

सरोवर कसे आहे?

ओकानागन सरोवर अरुंद आणि लांब आहे. लांबी सुमारे १३५ किलोमीटर, रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी चार-पाच किलोमीटरच. मुंबईहून पुण्याला निघावे आणि शहर जवळ येईपर्यंत एका बाजूला पाणीच पाणी असावे, असा हा प्रकार. सर्वात खोल ठिकाणी खोली २३० मीटरच्या आसपास आहे. हिमयुगातील बर्फाच्या प्रवाहांनी कोरून काढलेल्या दरीत हे पाणी साठले आहे. उत्तर टोकाजवळ व्हर्नन, मध्यावर केलोना आणि दक्षिण टोकाला पेंटिक्टन ही शहरे आहेत. सफरचंद, चेरी, द्राक्षे आणि वाइन यांसाठी हे खोरे कॅनडाभर प्रसिद्ध आहे. तरी हा देशातील सर्वात कोरड्या भागांपैकी एक. येथे पाण्याला मोल आहे आणि ते पुढे महत्त्वाचे ठरते.

‘न्हाहाइत्कू’ म्हणजे काय?

सिल्क्स लोकांच्या भाषेत सरोवरातील त्या अस्तित्वाचे नाव साधारण ‘न्हाहाइत्कू’ असे उच्चारले जाते. नावाच्या शेवटी येणारा ‘इत्कू’ हा अंश पाण्याचा वाचक आहे. सिल्क्स लोक त्याचा अर्थ पाण्यातील पवित्र शक्ती असा सांगतात. त्याचे ठिकाण म्हणून पीचलँड गावासमोरील स्क्वॉली पॉइंट आणि तेथील छोट्या रॅटलस्नेक बेटाचा परिसर दाखवला जातो. या भागात वारा अचानक उठतो आणि पाणी खवळते. होडीतून जाणाऱ्याने येथे थांबावे, पाण्याला काहीतरी अर्पण करावे आणि मग पुढे जावे, हा शिरस्ता होता. अर्पण करायचे ते तंबाखू, सेजची पाने किंवा सामन मासा.

यात भक्ती आहे आणि व्यवहारही आहे. धोकादायक वळणावर नावाड्याला हात आखडता घ्यायला लावणारी ही रीत आहे. सिल्क्स समाजात अशा मौखिक कथांकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले जात नाही. जमीन, पाणी आणि प्राणी यांच्याशी कसे वागायचे याचे नियम त्या कथांतून पिढ्यान् पिढ्या पोहोचवले जातात. लिखित कायदा नसलेल्या समाजाचा तो कायदाच. सिल्क्स लेखिका आणि अभ्यासक जेनेट आर्मस्ट्राँग यांनी तर याच मौखिक परंपरेवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला आहे. महाराष्ट्रातही विहिरीच्या किंवा नदीच्या काठी साती आसरांना नैवेद्य दाखवणाऱ्या बाईकडे कोणी ‘आसरांचा फोटो दाखवा’ अशी मागणी करत नाही. ओकानागनमध्ये ती मागणी झाली आणि शंभर वर्षे होत राहिली.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही रीत पाहिली आणि तिचा अर्थ आपल्या परीने लावला. फादर चार्ल्स पँडोसी यांनी १८५९ मध्ये येथे मिशन स्थापन केले आणि त्यानंतर वस्ती वाढत गेली. नवागतांच्या लेखी सरोवरात एक भयंकर सैतान होता आणि ‘इंडियन’ लोक त्याला शांत करण्यासाठी जिवंत कोंबड्या आणि डुकरे पाण्यात फेकत होते. होडीमागून पोहत येणारे घोडे एकाएकी पाण्याखाली ओढले गेले आणि मालकाने दोर कापून कसाबसा जीव वाचवला, ही कथा याच काळातील म्हणून सांगितली जाते. १८७२ च्या सुमारास सुझन अ‍ॅलिसन या वसाहतवाल्या महिलेने सरोवरात काहीतरी पोहताना पाहिले. गोऱ्या माणसाने केलेली ही पहिली सविस्तर नोंद मानली जाते. एका म्हाताऱ्याचा खून करणाऱ्या माणसाला शिक्षा म्हणून सर्प बनवले, अशीही एक गोष्ट पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत बरीच फिरली. तिच्यात सिल्क्स परंपरा किती आणि लिहिणाऱ्याची कल्पना किती, हे सांगणे अवघड आहे. एवढे खरे, की मुळात ज्याच्याकडे आदराने पाहायचे, ते छापील कागदावर येईपर्यंत घाबरण्याची वस्तू झाले होते.

हिंदुस्थानातले गाणे, कॅनडातला राक्षस?

पुढची पायरी भीतीकडून विनोदाकडे. ती उतरायला कारणीभूत ठरले एक ब्रिटिश गाणे, आणि त्याचा संबंध चक्क भारताशी आहे.

लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तमाशाच्या जवळ जाणाऱ्या हलक्याफुलक्या रंगमंचांवर, १९२० च्या दशकात फॉक्सट्रॉट नाचाच्या चालीवरील गाण्यांची चलती होती. कंबरलँड क्लार्क यांचे शब्द आणि मार्क स्ट्राँग यांचे संगीत असलेले ‘द ओगो-पोगो’ हे गाणे १९२४ मधले. गाण्यातील प्रसंग घडतो हिंदुस्थानात. निवेदकाला तेथे एक विक्षिप्त माणूस भेटतो. हातात सापळा, फुलपाखरांची जाळी, जुनाट बंदूक असा सरंजाम घेऊन तो ओगो-पोगो नावाच्या चमत्कारिक जीवाच्या शोधात निघालेला असतो. साम्राज्याच्या दूरच्या कोपऱ्यात काहीही निघू शकते, ही त्या काळच्या ब्रिटिश प्रेक्षकांची ठरलेली गंमत. ओकानागन सरोवराचा त्या गाण्याशी कसलाही संबंध नव्हता.

तो जोडला गेला व्हर्ननमध्ये. १९२६ मध्ये तेथील एका मेजवानीत स्थानिक सरोवरातील प्राण्यावर बेतलेले या गाण्याचे विडंबन म्हटले गेले. पाहुणे हसले, वर्तमानपत्रांनी शब्द उचलला आणि नाव चिकटले. रोमन लिपीत उलट वाचले तरी तेच राहणारे हे नाव जिभेवर बसायला वेळ लागला नाही. स्कॉटलंडमधील लॉक नेसच्या ‘नेसी’चे वृत्त ‘इन्व्हर्नेस कुरिअर’ने छापले ते २ मे १९३३ रोजी. म्हणजे जगप्रसिद्ध नेसीच्या आधी काही वर्षे ओगोपोगोचे बारसे झाले होते. ओकानागनचे लोक हे आजही अभिमानाने सांगतात.

याच दशकातील दुसरी घटना मात्र पर्यटन पुस्तिकांत सापडत नाही. कॅनडाच्या संसदेने १९२७ मध्ये ‘इंडियन अ‍ॅक्ट’मध्ये दुरुस्ती केली. मूलनिवासींनी जमिनीवरील हक्कासाठी वकील करायला सरकारी परवानगीविना पैसे गोळा करणे हा तिने गुन्हा ठरवला. ही बंदी १९५१ पर्यंत होती. सिल्क्स लोकांनी आपली जमीन कोणत्याही कराराने सोडून दिलेली नाही. उलट १८४६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने ४९ व्या अक्षांशावर सीमा आखली तेव्हा त्यांच्या प्रदेशाचे परस्पर दोन तुकडे झाले. आपल्या जमिनीबद्दल न्यायालयात जायला मनाई असलेल्या या समाजाच्या पवित्र शक्तीवर तोवर शेजारच्या शहरात विनोदी गाणी रचली जात होती. बंदी उठल्यानंतर पाच वर्षांनी त्या विनोदी नावाचा कॉपीराइट नगरपालिकेला भेट मिळाला.

त्यानंतर ओगोपोगोने चांगलाच जम बसवला. केलोनाच्या सरोवरकाठी त्याचा हिरवा, हसरा पुतळा उभा राहिला. कॅनडाच्या टपाल खात्याने १९९० मध्ये दंतकथांतील प्राण्यांवर काढलेल्या तिकिटांत त्याला स्थान दिले. केलोना रॉकेट्स या आइस हॉकी संघाच्या बोधचिन्हावर तो आहे. टीशर्ट, खेळणी, मुलांची पुस्तके यांची तर गणतीच नको.

मग लोकांना दिसते ते काय?

ओगोपोगो पाहिल्याचे सांगणारे सगळेच थापा मारतात, असे मानणे सोपे आहे, पण बरोबर नाही. बहुतेकांना काहीतरी खरेच दिसलेले असते. प्रश्न आहे तो त्या ‘काहीतरी’चा.

पहिला संशयित म्हणजे लाट. लांब आणि अरुंद सरोवरात मोटारबोट निघून गेल्यावर तिच्यामागे उठलेल्या लाटा बराच काळ प्रवास करत राहतात. खोल पाण्यात लांब लाटा पुढे जातात, आखूड मागे पडतात. त्यामुळे मुळात विस्कळीत असलेली खळबळ वाटेत सुटी होऊन शिस्तीत रांगेने येऊ लागते. दोन्ही काठ जवळ असल्याने एका बोटीच्या लाटा दुसऱ्या बोटीच्या लाटांना छेदतात आणि एखाद्या ठिकाणी पाणी एकदम उंचावते. पाणी शांत आहे, बोट केव्हाच नजरेआड झाली आहे आणि समोरून काळसर कुबडांची एक रांग सरकत येत आहे, असे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात बोट येतच नाही. वारा पडलेला असताना हा भास सर्वात पक्का होतो, आणि राक्षस दिसल्याच्या अनेक वर्णनांत ‘पाणी अगदी आरशासारखे होते’ असा उल्लेख असतो, तो उगाच नाही.

दुसरे कारण प्राणी. पाणमांजरे एकामागून एक पोहतात तेव्हा वर-खाली होणारी त्यांची डोकी आणि पाठी लांबून एकाच लांबलचक प्राण्याच्या कुबडांसारख्या दिसतात. पोहणारा बीव्हर, पाणपक्ष्यांची रांग, पाणी ओलांडणारे हरीण यांनीही दुर्बिणी नसलेल्यांना चकवले आहे. १९८९ मध्ये गाजलेल्या एका व्हिडीओतील प्राणी बीव्हर असल्याचे वन्यजीव तज्ज्ञांनी सांगितले होते. त्यात लाकूडतोडीच्या धंद्यामुळे सरोवरात वाहत आलेल्या ओंडक्यांची भर. अर्धवट बुडालेला ओंडका लाटेबरोबर डोके वर काढतो आणि खाली जातो.

आणि अंतर? पाण्यावर अंतराचा अंदाज घ्यायला झाड, घर, खांब असे काही नसते. वस्तू जवळची असूनही लांबची वाटली की तिचा आकार आपोआप फुगतो. १९६८ मध्ये पीचलँडजवळ महामार्गावरून घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली एक फिल्म ओगोपोगोचा सर्वात भक्कम पुरावा मानली जात होती. बेंजामिन रॅडफर्ड आणि जो निकेल या दोन संशयवादी संशोधकांनी २००५ मध्ये तेथे जाऊन नव्याने मोजमाप केले. फिल्ममधील वस्तू समजली गेली त्यापेक्षा काठाच्या बरीच जवळ होती आणि म्हणून तिचा आकारही प्रचंड नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष होता. या कामावर आधारलेले त्यांचे पुस्तक पुढील वर्षी आले.

जीवशास्त्राचा आक्षेप याहून कडक आहे. एकच प्राणी दीडशे वर्षे दिसत राहू शकत नाही. त्यासाठी पिल्ले घालणारा कळप हवा, आणि कळप असेल तर मेलेली जनावरे, हाडे काठाला लागायला हवीत. हवेत श्वास घेणारा सरपटणारा प्राणी असेल, तर तो दिवसातून अनेकदा पृष्ठभागावर येईल. काठावर शहरे आणि उन्हाळ्यात बोटींची गर्दी असलेल्या सरोवरात तो लपणार कसा? प्लेसिओसॉर हे डायनोसॉरच्या काळातील समुद्री सरपटणारे प्राणी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. ओकानागनची दरी तर सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होती. लॉक नेसमध्ये २०१८ साली पाण्याचे शेकडो नमुने घेऊन त्यांतील डीएनए तपासण्यात आला. न्यूझीलंडचे जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल यांच्या पथकाला सरपटणाऱ्या प्राण्याचा डीएनए मिळाला नाही, ईल माशांचा मात्र भरपूर मिळाला.

तरी एवढे सगळे समजून घेतल्यावरही एक गोष्ट सुटते. लाटा आणि पाणमांजरे ओगोपोगोचा उलगडा करतात, न्हाहाइत्कूचा नाही. प्राणी आहे की नाही हा प्रश्न विश्वास ठेवणारे आणि संशयवादी दोघेही हिरिरीने विचारत राहिले. सिल्क्स लोकांनी तो कधी विचारलाच नव्हता.

वाद पेटला कशामुळे?

निमित्त लहान होते. मुलांच्या पुस्तकात ओगोपोगोचे नाव वापरण्यासाठी एका लेखकाने व्हर्नन नगर परिषदेकडे परवानगी मागितली आणि २०२१ च्या सुरुवातीला परिषदेने ती दिली. अशा परवानग्या पूर्वीही दिल्या जात होत्या. या वेळी मात्र सिल्क्स नेत्यांनी जाहीर हरकत घेतली. त्यांचा रोख लेखकावर नव्हता. आमच्या पवित्र कथेचे नाव कोणी वापरायचे हे एक नगरपालिका कशी ठरवते, असा सवाल होता. काही दिवसांतच परिषदेने हक्क सोपवण्याचा ठराव केला.

वेळही तशी होती. ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा प्रांताच्या कायद्यात आणला होता. २००७ च्या त्या जाहीरनाम्यातील ३१ वे कलम मूलनिवासींना आपला सांस्कृतिक वारसा, पारंपरिक ज्ञान आणि त्यावरील बौद्धिक संपदा जपण्याचा आणि नियंत्रित करण्याचा हक्क देते. असे कलम मान्य केलेल्या प्रांतात ओगोपोगोचे कागद नगरपालिकेच्या कपाटात राहणे शोभणारे नव्हते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर या व्यवहारात एक गोम आहे. कॅनडात केवळ एखाद्या नावाला कॉपीराइटचे संरक्षण सहसा मिळत नाही. ते लेखन, चित्र, संगीत अशा कृतींना मिळते. एक डॉलरच्या बदल्यात हस्तांतरित झालेल्या हक्काला न्यायालयात किती धार असेल, यावर म्हणूनच वकील वाद घालू शकतात. परवानगी मागायची तर कोणाच्या दारात जायचे, हे मात्र त्या ठरावाने बदलले आणि व्यवहारात तेच मोठे आहे.

‘ओगोपोगो’ हा शब्द मुळात सिल्क्स नव्हेच, लंडनच्या गाण्यातला आहे, मग तो त्यांना ‘परत’ कसा करणार, असाही मुद्दा आहे. तो चुकीचा नाही. पण या शब्दाची सगळी कमाई न्हाहाइत्कूच्या जोरावर झाली. सरोवरात पूर्वीपासून काहीतरी आहे असे मूलनिवासी सांगतात, हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात पुराव्यासारखे छापले जात होते. नाव लंडनचे आणि वजन सिल्क्सचे, असा तो धंदा होता.

सरोवराचे पुढे काय?

सिल्क्स लोकांच्या म्हणण्याचा गाभा नावाच्याही पलीकडचा आहे. पाण्यातील शक्तीचा मान राखायचा तर पाणी राखावे लागते. ओकानागन सरोवरातील पाणी पूर्ण बदलायला सरासरी पन्नासहून अधिक वर्षे लागतात. आज त्यात गेलेली घाण पुढच्या पिढीपर्यंत तेथेच राहू शकते. एकीकडे हे पाणी फळबागांना, द्राक्षमळ्यांना आणि वाढत्या शहरांना हवे आहे, दुसरीकडे पावसाने या खोऱ्याकडे जवळजवळ पाठ फिरवलेली आहे.

सरोवरात खरा उत्पात घडवणारा जीव आला तो बोटाच्या पेराएवढा होता. माशांना खाद्य मिळावे म्हणून १९६६ मध्ये येथे मायसिस जातीची कोळंबी सोडण्यात आली. तिने माशांचे पोट भरण्याऐवजी कोकनी सामनच्या पिल्लांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव फस्त केले. इतर कारणांचीही भर पडून कोकनीची संख्या एवढी कोसळली, की १९९५ मध्ये त्यांची मासेमारी बंद करावी लागली. या प्राण्याच्या शोधासाठी कॅमेरे घेऊन कोणी आले नाही.

समुद्रातून येणाऱ्या सॉकाय सामनची अवस्थाही वाईट होती. कोलंबिया नदीवरील नऊ धरणे ओलांडून ओकानागन नदीत पोहोचणाऱ्या या माशांची संख्या १९९० च्या दशकात काही वर्षी जेमतेम काही हजारांवर आली होती. ओकानागन नेशन अलायन्सने सरकारी यंत्रणांना सोबत घेऊन नदीचे पात्र सुधारणे, अडथळ्यांतून माशांना वाट करून देणे आणि धरणांतून पाणी योग्य वेळी सोडवून घेणे, अशी कामे सुरू केली. २०१४ मध्ये पेंटिक्टन येथे संघटनेचे स्वतःचे मत्स्यबीज केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत चढउतार झाले, पण चांगल्या हंगामात सॉकायने लाखाचा आकडा ओलांडला आहे. सिल्क्स कथेनुसार नदीत सामन प्रथम आणला तो कोयोटीने, म्हणजे त्यांच्या कथांतील धूर्त नायकाने. आता तेथे पिल्ले सोडण्याआधी प्रार्थना होते. ज्या संघटनेकडे ओगोपोगोचा कागद गेला, तिच्या कार्यालयात रोजचे काम चालते ते या माशांच्या मोजणीचे.